हाँगकाँगला आलीस, आता कीबोर्ड बदल

तुंग चुंगमध्ये घर मिळालं, पोराला बालवाडीत जागा मिळाली, फार छान झालं. पण पालकांच्या व्हॉट्सॲप गटात रोज ढीगभर निरोप येऊन पडतात आणि तू त्यांच्याखाली अंगठ्याचं चित्र टाकून मोकळी होतेस, असं तुझी आई सांगत होती. अगं, अशी अंगठेबहाद्दर किती दिवस राहणार? बाजारात भाव करतेस, मिनीबसमधून उतरायच्या आधी ‘यौ लोक’ म्हणून बिनधास्त ओरडतेस. म्हणजे कान आणि जीभ तयार आहेत. राहिलं ते बोटांचं, आणि ते सगळ्यात सोपं आहे. फक्त सुरुवात योग्य जागेवरून कर.

इथली माणसं फोनवर कशी लिहितात ते बघून दबून जाऊ नकोस. शेजारीण अक्षरांचे तुकडे बडवते, तिचे सासरे काचेवर बोटानं अक्षर गिरवतात, मुलं सरळ आवाजी निरोप पाठवतात. तुकडे बडवायची मूळ पद्धत त्सांगजिए. चू बाँग-फू यांनी ती १९७६ साली काढली. अक्षर कोणत्या घटकांनी बनलं हे ओळखून त्या घटकांच्या कळा दाबायच्या. तिचीच आखूड आवृत्ती म्हणजे क्विक, तिच्यात फक्त पहिला आणि शेवटचा घटक द्यायचा. दोन्ही वेगवान आहेत, पण दोन्हींना अक्षराचा चेहरा आधी पाठ लागतो. तो तुला पाठ नाही. तुला आवाज माहीत आहे. म्हणून आवाजावरून लिहायचं: रोमन अक्षरांत उच्चार टाइप करायचा आणि समोर आलेल्या पर्यायांतून चिनी अक्षर निवडायचं. कुणी म्हणालं की खरं लिहायचं तर त्सांगजिएच शीक, तर हो म्हण आणि सोडून दे.

हे तुला ओळखीचं वाटेल, कारण मराठीही आपण अशीच लिहितो. ‘कसा आहेस’ रोमनमध्ये कसंही बडवलं, एक ए कमी पडला की जास्त झाला, तरी फोन समजून घेतो. इथे तेवढे लाड होत नाहीत. मराठीत आवाज लिहिला की अक्षर आपोआप ठरतं. कँटोनीजमध्ये एकाच आवाजाची वीस-वीस अक्षरं असतात, त्यामुळे स्पेलिंग सैल ठेवलंस तर पर्यायांची यादी संपतच नाही. आधी स्पेलिंगचा एक पक्का नियम मनात बसव, मग फोनला हात लाव. लोक नेमकं उलट करतात. कीबोर्ड घालतात, चार दिवस चाचपडतात आणि काढून टाकतात.

तर स्पेलिंग. कँटोनीज रोमनमध्ये लिहायच्या बऱ्याच पद्धती आहेत. तू युतपिंग धर. हाँगकाँगच्या भाषाशास्त्र संस्थेनं ती १९९३ साली ठरवली आणि आजचे बहुतेक कीबोर्ड नि शब्दकोश तिच्यावर चालतात. जुन्या इंग्रजी पाठ्यपुस्तकांत येल पद्धत सापडेल. तिच्यात य लिहायला वाय वापरतात, युतपिंगमध्ये जे. तुझ्या मैत्रिणीनं दिलेलं ते जुनं पुस्तक वाचायला ठेव, टाइप करताना उघडू नकोस. दोन पद्धतींची खिचडी झाली की बोटांना सवय लागत नाही.

आणि रस्त्यावरच्या पाट्यांवरून स्पेलिंग उचलू नकोस, हे तर दोनदा सांगेन. सरकारी पाट्यांची रोमन लिपी फार जुनी आणि मनमानी आहे. तुझ्याच स्टेशनाचं नाव घे. पाटीवर पहिलं अक्षर टी आहे, पण युतपिंगमध्ये ते डी-यू-एन-जी-१, सी-यू-एन-जी-१. त्सिम शा त्सुई आणि त्सुएन वान या दोन्ही पाट्यांची सुरुवात टी-एस नं होते, पण युतपिंगमध्ये पहिल्याला झेड लागतो आणि दुसऱ्याला सी. मोंग कोकची तर कमाल आहे. पाटी म्हणते मोंग, माणसं म्हणतात वोंग, टाइप करायचं डब्ल्यू-ओ-एन-जी-६ आणि जी-ओ-के-३. पाटीच्या भरवशावर एम दाबत बसलीस तर मोंग कोकला कधीच पोचणार नाहीस.

आता आपल्या फायद्याची गोष्ट. मराठी माणसाला युतपिंग इंग्रजांपेक्षा लवकर कळतं, कारण जो फरक इंग्रजी कानाला ऐकूच येत नाही तो आपण पहिलीत शिकलेलो असतो. युतपिंगमधला बी म्हणजे आपला ब नाही, तो प आहे. पी म्हणजे फ, पण ओठ मिटून सोडलेला जुना फ, ‘फॅन’मधला नाही. तसंच डी म्हणजे त-टच्या मधला काहीतरी आणि टी म्हणजे तोच, पण हवा सोडून, थ-ठसारखा. जी म्हणजे क, के म्हणजे ख. अल्पप्राण आणि महाप्राण, बस. ब, ड, ग असे घोष वर्ण तिथे नाहीतच. झेड म्हणजे ‘चमचा’तला च, ‘चहा’तला नव्हे, आणि सी म्हणजे त्याच चमच्यातल्या चला हवा जोडायची. जे म्हणजे य. हे एवढं कपाटाच्या दारावर लिहून लाव. आठवडाभरानं कागद काढून टाकशील.

दुसरा फायदा अ आणि आचा. युतपिंगमध्ये एक ए म्हणजे आपला अ, दोन ए म्हणजे आ. जी-ए-आय-१ म्हटलं की कोंबडी, उच्चार जवळपास ‘कैरी’तला कै. जी-ए-ए-आय-१ म्हटलं की रस्ता, उच्चार अगदी आपला ‘काय’. एस-ए-एम म्हणजे सम, तेच हृदय, आणि एस-ए-ए-एम म्हणजे साम, तो तीनचा आकडा. इंग्रजी मैत्रिणी या ठिकाणी वर्षानुवर्षं अडखळतात. तुला अडखळायचं कारण नाही, पण एक ए आळसानं गाळू नकोस. गाळलास की रस्त्याऐवजी कोंबडी जाते.

अडचणीच्या जागाही आहेत. ‘हाँगकाँग’ म्हणताना आपण शेवटी एक बारीक ग सोडतो. तो इथे नसतो, नाकातच संपवायचं. आणि ङ! क ख ग घ नंतरचा तो ङ आपण शाळेत नुसता घोकला, सुरुवातीला ङ असलेला एकही शब्द वापरला नाही. इथे ‘मी’ म्हणायलाच तो लागतो: एन-जी-ओ-५. पाचाचा आकडा तर नुसता ङच, स्वराशिवाय: एन-जी-५. नकाराचा शब्दही नुसता म्: एम-४. टाइप करताना ‘इथे स्वर राहिला’ असं वाटून मध्ये ए घालू नकोस.

ओई आणि ईओ या दोन जोड्या सगळ्यांना छळतात, कारण दोन्ही आवाज आपल्याकडे नाहीत आणि ऐकायलाही जवळजवळ सारखे. पण टाइप करायला कानाची गरजच नाही, शेवट बघ. शेवटी एन-जी किंवा के असेल, किंवा पुढे काहीच नसेल, तर ओ आधी. हाँगकाँगमधलं पहिलं ‘हाँग’ एच-ओ-ई-एन-जी-१ आहे ते म्हणूनच. शेवटी आय, एन किंवा टी असेल तर ई आधी, म्हणून पाणी एस-ई-ओ-आय-२. हा नियम मला फार उशिरा कुणीतरी सांगितला. तुला पहिल्याच दिवशी मिळतोय, तेव्हा वापर.

सूर. सहा आहेत आणि युतपिंगमध्ये ते शेवटी आकड्यानं लिहितात, हे आतापर्यंत तुझ्या लक्षात आलंच असेल. कोणता सूर कोणत्या आकड्याचा हे लक्षात ठेवायला पुस्तकातले बाण नि रेघा कामाला येत नाहीत. इथली एक जुनी युक्ती सांगते. कँटोनीजमध्ये ओळीनं म्हण: तीन, नऊ, चार, शून्य, पाच, दोन. या सहा आकड्यांचे सूर बरोबर एक ते सहा असे लागतात. तीन उंच आणि सपाट, नऊ चढता, चार मधला सपाट, शून्य खाली घसरणारा, पाच खालून थोडासा चढणारा, दोन खालचा सपाट. आकडे तुला बाजारातून पाठ आहेतच. नवा शब्द ऐकलास की मनात या सहांशेजारी ठेवून बघ, कुणाशी जुळतो. चारशी जुळला तर सूर तीन. आधी हे उलटसुलट वाटतं, पण बसतं. जे शब्द प, त किंवा कवर ठप्प थांबतात त्यांच्यासाठी पुढे सात, आठ, सहा म्हण. त्यांचे सूर एक, तीन आणि सहा.

सूर न लिहिताही कीबोर्ड चालतो, इथल्या बऱ्याच जणी लिहीतही नाहीत. तू मात्र निदान पहिले काही महिने लिहीच. दोन कारणं आहेत. एक तर यादी एकदम लहान होते. दुसरं, जे शब्द सारखे ऐकू येतात तेच नेमके रोजचे आहेत. एच-ए-आय-६ म्हणजे ‘आहे’, एच-ए-आय-२ म्हणजे ‘अमुक ठिकाणी’. प्रत्येक दुसऱ्या वाक्यात यातलं एक येणार. एम-ए-ए-आय-५ म्हणजे विकत घेणं आणि एम-ए-ए-आय-६ म्हणजे विकणं. शाळेच्या गटात ‘जुना गणवेश कुणी विकतंय का’ असं विचारायचं असताना उलटं गेलं तर दहा जणी गणवेश मागायला येतील. सूर लिहायची सवय असेल तर हाताला कळतं की हा शब्द आपण नुसता अंदाजानं म्हणत होतो. बोलताना लोक सांभाळून घेतात, त्यामुळे चुकीचा सूर जन्मभर टिकतो. कीबोर्ड सांभाळून घेत नाही.

आता फोन. तुझा आयफोन आहे आणि आयओएस १६ किंवा त्यापुढचं आहे, म्हणजे २०२२ नंतर अद्ययावत केलेला, तर वेगळं काही उतरवायची गरज नाही. सेटिंग्ज, जनरल, कीबोर्ड, त्यात नवीन कीबोर्ड जोड. यादीत ‘चायनीज, ट्रॅडिशनल’ दिसेल आणि त्यात पिनयिन दिसेल. थांब, ते घेऊ नकोस! पिनयिन म्हणजे मँडरिनचे उच्चार. नवी माणसं हमखास इथे फसतात, मग ‘मी’ टाइप करतात नि समोर भलतंच येतं. तुला ‘कँटोनीज, ट्रॅडिशनल’ हवं आणि त्यातलं फोनेटिक. तिथेच आणखी एक कीबोर्ड जोडून ठेव, हातानं गिरवायचा. तो कशाला ते पुढे सांगते.

आयफोनचा स्वतःचा कीबोर्ड चांगला आहे, पण तुझ्यासाठी मी टाइपडकच निवडेन. हाँगकाँगच्या एज्युकेशन युनिव्हर्सिटीतल्या भाषेच्या मंडळींनी हा कीबोर्ड केला तो मुळात आपल्यासारख्यांसाठीच. इथल्या शाळांत भारतीय, पाकिस्तानी, नेपाळी, इंडोनेशियन घरांतली मुलं चिनी शिकतात, त्यांना पर्यायांच्या यादीतलं कोणतं अक्षर आपलं हेच कळत नाही. म्हणून टाइपडक प्रत्येक पर्यायाजवळ युतपिंग आणि अर्थ दाखवतो. अर्थ इंग्रजीत, हिंदीत, उर्दूत, नेपाळीत किंवा इंडोनेशियनमध्ये. सेटिंगमध्ये जाऊन हिंदी लाव. विकणं आणि घेणं शेजारी शेजारी उभे असताना देवनागरीत अर्थ दिसला की बोट चुकत नाही. मराठी नाही, पण हिंदीनं काम भागतं. आणि सूर आकड्यात दिसत राहतो, म्हणजे टाइप करता करता शिकवणीही होते. ॲप फुकट आहे, अँड्रॉइडवरही आहे. जीबोर्डच्या यादीतही कँटोनीज सापडेल. पण अर्थ दाखवणं हा टाइपडकचाच गुण.

फोनवर सुराचे आकडे लिहायला दर वेळी दुसऱ्या पानावर जावं लागतं, आणि संगणकावर तर आकडा दाबला की बऱ्याच कीबोर्डांत यादीतलं तेवढ्या क्रमांकाचं अक्षर निवडलं जातं. चौथा सूर द्यायला जावं आणि चौथं अक्षर उमटावं असं होतं. त्यावर इथल्या लोकांनी छान तोड काढली आहे. युतपिंगमध्ये व्ही, एक्स आणि क्यू ही अक्षरं लागतच नाहीत, म्हणून ती सुरांना दिली. व्ही म्हणजे एक, एक्स म्हणजे दोन, क्यू म्हणजे तीन. तेच दोनदा दाबलं की चार, पाच, सहा. ‘आहे’ लिहायला एच-ए-आय आणि दोनदा क्यू. टाइपडकमध्ये हे चालतं, राइम नावाच्या कीबोर्डातही चालतं. सुरुवातीला विचित्र वाटेल, मग बोटं आपोआप जातील.

राइमचं नाव निघालं म्हणून सांगते. जावईबापूंना लिनक्सचं वेड आहे ना, त्यांच्यासाठी राइम आणि त्यावरचा कँटोनीज संच. सगळं उघडं, सगळं हवं तसं बदलता येतं, आणि बदलण्यात संध्याकाळ जाते. त्यांना आवडेल. तू त्या वाटेला जाऊ नकोस.

घरच्या विंडोजच्या लॅपटॉपवर भाषांमध्ये ‘चायनीज, ट्रॅडिशनल, हाँगकाँग’ जोडलंस तर क्विक आणि त्सांगजिए मिळेल, ज्यांचं तुला काही करायचं नाही. तिथेही टाइपडकच घाल. मॅकवर आयफोनसारखंच, इनपुट सोर्सेसमध्ये. ऑफिसच्या संगणकावर काही घालू देत नाहीत म्हणालीस, तर टाइपडकची ब्राउझरमध्ये चालणारी आवृत्ती आहे. तिथे लिहायचं, उचलायचं, हवं तिथे चिकटवायचं. फोनचं एक राहिलं: नवं कीबोर्ड ॲप घालताना आयफोन ‘फुल ॲक्सेस’ विचारतो. कीबोर्डाला तू लिहिलेलं सगळं दिसतं, तेव्हा ज्या ॲपचा कर्ता कोण हे माहीत नाही त्याला ती परवानगी देऊ नये. टाइपडक काय, राइम काय, त्यांचा कोड उघडा आहे आणि इंटरनेट बंद असतानाही चालतात.

अक्षरं पारंपरिक ठेव. नदीपलीकडे ग्वांगझूमध्येही कँटोनीज बोलतात, पण तिथे सोपी केलेली अक्षरं चालतात. हाँगकाँगच्या शाळेच्या गटात ती टाकलीस तर समजतील सगळे, पण दिसायला परकं दिसतं. कुठे हाँगकाँगचं वळण की तैवानचं असं विचारलं तर हाँगकाँग. एवढंच.

कधी एखाद्या अक्षराजागी रिकामा चौकोन दिसला तर तुझी चूक नाही, फोनमध्ये ते अक्षर काढणारा फाँट नाही. आमच्या वेळी हे रोजचं होतं. संगणकांतला चिनी संच तैवानचा, त्यात कँटोनीजची खास अक्षरं नसायचीच. मग सरकारनं १९९५ मध्ये ३,०४९ अक्षरांचा जादा संच काढला, १९९९ मध्ये तो ४,७०२ वर नेला. तो वेगळा घालून घ्यावा लागायचा. त्या काळातली तरुण पोरं म्हणूनच कंटाळून इंग्रजी अक्षरांतच कँटोनीज लिहायची, मनाला येईल त्या स्पेलिंगनं. जुन्या मंडळींच्या निरोपांत ते अजून दिसतं. त्याला युतपिंग समजू नकोस.

लिहायला लागलीस की एक पथ्य: एकेक अक्षर लिहू नकोस. पूर्ण शब्द, जमलं तर पूर्ण वाक्याचा तुकडा लिही, मग निवड. ‘हाँगकाँग’ सलग लिहिलंस तर यादीत बघायचीही गरज नाही, पहिलंच बरोबर असतं. तेच दोन तुकडे वेगळे लिहिलेस तर दोन्हीकडे शोधत बसशील. कीबोर्डला संदर्भ दिला की तो हुशार होतो. नेहमीच्या शब्दांना नुसती आद्याक्षरंही पुरतात, पण ते नंतर.

आता शेजारणीचं. बाई गोड आहे, मदत करेल, पण तिला स्पेलिंग विचारू नकोस. तिला ते येत नाही! इथली मुलं शाळेत अक्षरं शिकतात ती पाहून, गिरवून, ऐकून. कँटोनीजचं रोमन स्पेलिंग त्यांना कुणी शिकवत नाही. ती बिचारी विचार करून काहीतरी सांगेल, पाटीसारखं किंवा मँडरिनसारखं, आणि तू त्यात अडकशील. तिला शब्द सावकाश म्हणायला सांग, किंवा लिहून पाठवायला सांग, आणि मग तो ‘वर्ड्स डॉट एचके’वर घाल. हा शब्दकोश लोकांनी मिळून केलेला आहे, अर्थ इंग्रजीतही आहे आणि युतपिंग सुरासकट मिळतं. ‘प्लेको’ हे शब्दकोशाचं ॲपही चांगलं. आणि दुकानाच्या पाटीवर, सूचनाफलकावर एखादं अक्षर दिसतंय पण वाचता येत नाही, तेव्हा तो गिरवायचा कीबोर्ड. कसंबसं काढलंस तरी ओळखतो. तिथून शब्दकोशात, शब्दकोशातून उच्चार हातात.

शेजारणीच्या तोंडचं आणखी एक. तू ‘तू’ला लेई म्हणतेस, कारण ती लेई म्हणते. ‘मी’ला ओ म्हणतेस, कारण ती ङ गिळते. सगळं हाँगकाँग असंच बोलतं, नचा ल करतं, सुरुवातीचा ङ सोडतं. कडक मास्तर याला आळशी उच्चार म्हणतात. बोलायला तसंच बोल, वेगळं बोललीस तर बातम्या वाचणारी वाटशील. पण शब्दकोशातलं स्पेलिंग नेई आणि ङो आहे. काही कीबोर्ड न-लची गल्लत चालवून घेतात, काहींत तशी सैल जुळणी चालू-बंद करायची सोय असते. माझं ऐकशील तर बंद ठेव. न-वाले शब्द रोजच्या बोलण्यात थोडेच आहेत: तू, वर्ष, पुरुष, बाई, हे. दोन दिवसांत हाताला बसतात. सैल जुळणी लावलीस तर यादी लांबते आणि मूळ शब्द कोणता हे कधीच कळत नाही.

एक फरक मात्र कीबोर्ड शिकवणार नाही. इथे बोलतात एक आणि रीतसर लिहितात दुसरं. बालवाडीतून येणारी परिपत्रकं प्रमाण लिखित चिनीत असतात. ‘आहे’ला तिथे वेगळं अक्षर, ‘चा-ची-चे’ला वेगळं अक्षर. पालकांच्या गटात मात्र सगळे बोलतात तसंच लिहितात. तू जे टाइप करशील ते बोलीतलं असेल, ते गटात शोभतं, बाईंना छोटा निरोप द्यायलाही चालतं. ‘मिळालं, आभार’ एवढं बोलीत लिहिलंस तर त्यांना उलट बरं वाटेल. पण रजेचा अर्ज, तक्रार, प्रवेशाचं पत्र असलं काही बोलीत लिहू नकोस. ते सरळ इंग्रजीत लिही. अर्धवट चिनी पत्रापेक्षा चांगलं इंग्रजी पत्र केव्हाही बरं, आणि कुणाला भाषांतराच्या ॲपमधून काढलेलं चिनी पत्र तर पाठवूच नकोस. ते ॲप बहुतेक वेळा मँडरिनच्या वळणाचं लिहितं, आणि बाई लगेच ओळखतात.

पाठवण्याआधी निरोप ऐकायची सवय लाव. आयफोनच्या ॲक्सेसिबिलिटीत निवडलेला मजकूर वाचून दाखवायची सोय आहे. ती चालू कर आणि आवाज हाँगकाँगचा निवड, सिन-जी नावाचा. मुख्य भूमीचा आवाज राहिला तर तुझं कँटोनीज मँडरिनमध्ये वाचलं जाईल आणि काही बोध होणार नाही. तुला अक्षरं वाचता येत नसली तरी कान तयार आहेत. विकणं-घेणं उलटं झालं असेल तर ऐकताच खटकेल. पण सगळंच कानानं पकडता येत नाही. एकाच उच्चाराची, एकाच सुरातली दोन अक्षरं ऐकायला तंतोतंत सारखी असतात, तिथे टाइपडकचा हिंदी अर्थ बघायचा.

आणि नावं. इथे फार सांभाळ. पोराच्या बाई मिस वाँग, एवढंच तुला माहीत. वाँग दोन आहेत, वेगळ्या अक्षरांचे, आणि दोघांचंही युतपिंग डब्ल्यू-ओ-एन-जी-४. उच्चारात तसूभर फरक नाही. लोक विचारतात ते असं: मोठ्या पोटाचा वाँग की तीन रेघांचा वाँग? मोठ्या पोटाचा म्हणजे पिवळा, तीन रेघांचा म्हणजे राजा. हे विचारणं इथे उद्धटपणाचं नाही, उलट रीतच आहे. तूही विचार. ओळखपत्रावरची रोमन नावंही जुन्या मनमानी स्पेलिंगची असतात. चॅन आडनाव युतपिंगमध्ये सी-ए-एन-४ आहे, सी-एच टाइप केलंस तर मिळणार नाही. चेउंगला झेड लागतो. एन-जी नावाच्या बाई दिसल्या तर त्यांचा सूर चौथाही असेल, पाचवाही, ती आडनावंच वेगळी. म्हणून माणसांची नावं टाइप करूच नकोस. त्यांच्याच निरोपातून उचल आणि फोनच्या शॉर्टकटमध्ये टाकून ठेव: बाईंचं नाव, मुख्याध्यापिकेचं, बसच्या काकूंचं, आणि पोराला शाळेनं दिलेलं चिनी नाव. ते तर आधी टाक. फॉर्म भरताना रोज लागतं आणि शाळेनं कोणतं अक्षर घेतलंय हे तुला अजून माहीतही नसेल. उद्या दप्तरावरची पट्टी बघ.